पुरानंतर सहा वर्षांनी भट्टी पेटवली आणि पहिल्याच सुरीला पाणी देताना चीर गेली

ऐरण_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन ओळींत विचारता आला असता, पण मग माझ्याकडे काय आहे आणि काय नाही हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून सगळंच सांगतो.

मी सांगलीजवळच्या कृष्णाकाठचा. वडिलांपर्यंत आमचं घर लोहारकामावर चाललं. विळे, खुरपी, उसाचे कोयते, कुऱ्हाडी शेवटून देणं (झिजलेलं तोंड पुन्हा ठोकून नीट करणं), बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणं. मी आयटीआय करून फॅब्रिकेशनला लागलो, पण मन तिथं रमेना. २०१४ साली घरामागच्या शेडमध्ये सुऱ्या घडवायला सुरुवात केली. पाच वर्षांत ब्लोअर, बेल्ट ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि भट्टीतलं तापमान दाखवणारा डिजिटल मीटर असं एकेक जमवलं. महिन्याला सात-आठ सुऱ्या विकल्या जायच्या. ज्यांनी नेल्या त्यातले काही अजून भेटले की सुरी कशी चालली आहे ते सांगतात.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आई आणि जनावरं घेऊन आम्ही निघालो. शेडकडे बघायला वेळच नव्हता. नऊ दिवसांनी परत आलो तर शेडची नदीकडची भिंत बसलेली, कोळशाची पोती वाहून गेलेली, दोन्ही मोटरींत गाळ भरलेला. मीटर सापडलाच नाही. ऐरण तेवढी होती, ठोकळ्यासकट आडवी झालेली, वर वीतभर चिखल. आजोबांच्या वेळची ४२ किलोची ऐरण आहे. घर आधी उभं करायचं होतं, म्हणून ग्राइंडर आणि ड्रिल भंगारात किलोच्या भावानं दिली. पुन्हा गेट-ग्रिलच्या कामाला लागलो. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा वाटलं, बरं झालं नव्यानं काही घेतलं नाही.

सहा वर्षं हातोडा धरला नाही. यंदा खंडेनवमीला आईनं ऐरण धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, "नुसती पुजायचीच आसंल तर देवळात नेऊन ठेव की." त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी विटा गोळा करायला लागलो.

या वेळी एक गोष्ट आधीच ठरवली. मोटर घ्यायची नाही. ऐरण सोडून जे काही असेल ते पाणी चढायच्या आत, एका तासात, ट्रॉलीत चढवता आलं पाहिजे. म्हणून भट्टी जुन्या घमेल्यात केली आहे. चिकणमाती आणि राख कालवून आतून लिंपली, मधून भोकं पाडलेला पाईप काढला आणि त्याला हातानं फिरवायचा पंखा जोडला. कोळसा बाभळीचा. एक किलोचा हातोडा, वडिलांचा घण, दोन सांडश्या, छिन्नी, बारा इंची दोन कानशी (एक खरखरीत, एक मऊ), पॉलिशपेपर. एवढंच. पंखा कधी बायको फिरवते, कधी शाळेतून आल्यावर मुलगा.

पहिली सुरी आईसाठी करायला घेतली. भंगारवाल्याकडून ट्रकच्या पाट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा आणला, आठ मिलिमीटर जाड. हातोड्यानं तो तीन मिलिमीटरवर आणायला दोन संध्याकाळी गेल्या. पूर्वी ग्राइंडरवर अर्ध्या तासात जे व्हायचं त्याला कानशीनं चार दिवस लागले, पण आकार असा आला की इतकी सरळ पाठ मला मशीनवरही कधी जमली नव्हती. सात इंचाचं पातं. पाणी द्यायची, म्हणजे तापलेलं पातं झटक्यात गार करून कडक करायची वेळ आली तेव्हा वडील द्यायचे तसं बादलीतल्या पाण्यात दिलं. दुपारची वेळ होती. पातं बुडवलं आणि बारीक 'टिंग' असा आवाज आला. आवाज ऐकला तेव्हाच कळलं होतं. बाहेर काढून पुसलं तर धारेपासून वर अर्धा इंच चीर, आणि टोकाजवळ आणखी एक लहान.

खरं सांगायचं तर मी ते पातं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

आता मला कळत नाही की चूक कुठली. वडिलांचे कोयते पाण्यातच व्हायचे, त्यांना चिरा जायच्या नाहीत. मग माझ्या हातून काय झालं? पाट्यातच आधी चीर असेल का? का मी जास्त तापवलं? मीटर होता तेव्हा मी आकडा बघायचो, रंग कधी बघितलाच नाही, हे आता लक्षात येतंय. मीटरशिवाय रंग ओळखायला कसं शिकायचं? आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला हल्ली ठणका लागतो, त्यालाही कुणाकडे उपाय असेल तर सांगा.

* * *

उष्मोपचार_पिंपरी

दादा, सविस्तर लिहिलंत म्हणून सविस्तर उत्तर देता येतंय. मी २२ वर्षं हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे. आमच्याकडे सगळं मोठ्या फर्नेसमध्ये होतं, पण पोलाद तेच आणि त्याचे नियमही तेच.

मुख्य कारण पाणी. आपल्याकडच्या ट्रकचे पाटे बहुतेक ईएन ४५ किंवा तशाच स्प्रिंग स्टीलचे असतात. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, शिवाय सिलिकॉन आणि मँगनीज. काही पाट्यांत क्रोमियम. ही पोलादं तेलात कडक व्हावीत अशीच बनवलेली आहेत. कडक होताना पोलादाची आतली रचना बदलते आणि ते किंचित फुगतं. पातळ धार पाण्यात झटक्यात गार होते आणि फुगून घट्ट बसते. तेव्हा पाठ अजून लाल असते. मग पाठीची फुगायची पाळी येते, ती धारेला ताणते आणि धार आता काचेसारखी झालेली असते. तुम्ही ऐकलेला 'टिंग' तो हाच.

वडिलांचे कोयते का टिकायचे? दोन कारणं असावीत. एक, त्यांच्याकडचं लोखंड वेगळं असेल, कमी कार्बनचं आणि मिश्रण नसलेलं. तसल्याला पाणीच लागतं. दुसरं, ते अख्खं पातं बुडवत होते का नुसती धार, हे आठवून बघा. त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुम्ही सांगलीचे, म्हणजे शेंगतेल घरचंच. दोन लिटर पुरेल. उभ्या डब्यात घ्या, लोखंडी डबा, प्लॅस्टिकची बादली चुकूनही नको, आणि त्यावर घट्ट बसेल असं झाकण हाताशी ठेवा, कारण तेल पेट घेऊ शकतं. पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी नाही. तेल आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा. गार तेल दाट असतं, ते पात्याला नीट भिडत नाही. एखादा लोखंडाचा तुकडा तापवून त्यात बुडवला की तेवढं कोमट होतं. पातं सरळ आत जाऊ द्या आणि वर-खाली हलवा. आडवं हलवलंत तर वाक येईल.

रंगाबद्दल. दोन खुणा देतो, दोन्ही फुकटच्या. पहिली चुंबक. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. तुम्हाला त्याच्या थोडं वर, ८२० ते ८५० च्या आसपास जायचंय. दुसरी मीठ. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पाट्याचाच एक टाकाऊ तुकडा तापवा, वर चार खडे मीठ टाका, ते पाण्यासारखं झालं की ८०० झाले. त्या क्षणी तुकड्याचा रंग कसा दिसतो तो बघा. वीसदा बघा. तोच तुमचा मीटर. सुरीवर मात्र मीठ टाकू नका, ते लोखंड खातं.

आणखी एक गोष्ट बघायला शिका, मला ती अजूनही दरवेळी सुंदर वाटते. हळूहळू तापवलं की एका टप्प्यावर पात्यातून ढगाच्या सावलीसारखी काळसर लाट सरकते. आजूबाजूचं उजळलेलं असतं आणि मध्येच तो भाग मंद राहतो. आतली रचना बदलताना पोलाद उष्णता पिऊन घेतं, म्हणून तसं दिसतं. सावली पूर्ण निघून गेली, रंग सगळीकडे सारखा झाला, की वेळ झाली. हे दुपारी दिसणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला जो लाल वाटतो तो संध्याकाळी सातला पिवळा असतो. तुम्ही दुपारी पाणी दिलंत म्हणजे बहुतेक शंभर अंश तरी जास्त तापवलं असणार.

जास्त तापलं की पोलादातले कण मोठे होतात. चीर गेलेलं पातं फेकू नका. फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, पक्कडीत धरून तोडा आणि तुटलेली कड उन्हात बघा. जाड रव्यासारखी चकाकत असेल तर जास्त तापलं होतं. मैद्यासारखी राखाडी आणि मऊसूत दिसली तर दोष एकट्या पाण्याचा.

घडवून झालं की पाणी द्यायच्या आधी पातं तीनदा तापवून हवेत गार होऊ द्या, पहिल्यांदा थोडं जास्त, मग दरवेळी थोडं कमी. ठोकून ठोकून जो ताण बसलेला असतो तो निघतो आणि कण बारीक होतात. आणि धार आधीच कागदासारखी करू नका. पाणी द्यायच्या वेळी कड दीड मिलिमीटर तरी जाड असू द्या.

एक सावधगिरी: घमेलं जस्ताचा मुलामा दिलेलं नाही ना? पांढरट चकचकीत असेल तर ते ताबडतोब बदला. तापलेल्या जस्ताचा धूर विषारी असतो. काळं साधं लोखंडी घमेलं असेल तर काळजी नाही.

* * *

नाशिकचा_नवखा

दादा, मलाही असंच झालं होतं, दोनदा. माझ्या पात्यावर खरखरीत कानशीचे आडवे ओरखडे राहिले होते आणि चीर बरोबर एका ओरखड्यातूनच निघाली. तेव्हापासून पाणी द्यायच्या आधी पॉलिशपेपरनं उभे ओढून सगळे आडवे ओरखडे काढतो. नंतर एकही गेली नाही.

दुसरं, राग मानू नका, पण भंगारातला पाटा का? लाखो खड्डे खाल्लेला असतो तो. आत कुठं चीर सुरू झालेली असेल सांगता येत नाही. नवीन पट्टी मिळते, तिचा ग्रेड माहीत असतो. चार-पाच दिवस कानस मारून शेवटी चीर निघाली तर मेहनत वाया जाते.

* * *

ऐरण_कृष्णाकाठ

राग कसला, तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण पाटा आमच्या गावात मिळतो. पट्टी मागवायची म्हणजे शहरात जा, पाच किलोच्या खाली कुणी देत नाही, आणि मी अजून एक सुरी नीट केलेली नाही. वडील काय मिळेल त्यातून करायचे. भंगारातून लोखंड निवडणं हा कामाचाच भाग होता त्यांच्या. तो भागही मला शिकायचाय.

पिंपरीचे दादा, पातं तोडून बघितलं. रवा. चांगला जाड रवा. म्हणजे पाणी आणि तापमान दोन्ही चुकलं. घमेलं काळंच आहे, बघून खात्री केली. भंगारातल्या तुकड्यात आधीची चीर ओळखायचा काही मार्ग आहे का?

* * *

उष्मोपचार_पिंपरी

आहे. तुकडा घासून चकचकीत करा, त्यावर डिझेल चोळा, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्यानं अगदी स्वच्छ पुसून काढा आणि वर पांढरा खडू घासा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. पाट्याच्या मधल्या भोकाच्या आजूबाजूचा भाग मुळात घेऊच नका. जास्त ताण तिथंच येतो.

* * *

कोयतीवाल्या_वहिनी

भाऊ, मी राजापूर तालुक्यातली. सासरी लोहारसाळ आहे, अजून चालते. कोयती, पाळकोयती, विळी, खवणी सगळं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भाता ओढला, आता पंखा फिरवते. तुमचं लिहिलेलं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

पिंपरीच्या दादांनी विचारलंय ते बरोबर आहे. सासरे पाणी देतात तेव्हा कोयती अख्खी बुडवत नाहीत. नुसती धार, बोटाच्या पेराएवढी, पाण्यात फिरवतात आणि लगेच बाहेर. पाठ तापलेलीच असते. मग धार पटकन विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी करतात आणि बघत बसतात. पाठीतली ऊब खाली धारेकडे सरकते तसे रंग पळतात. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. झाडाच्या फांद्या तोडायच्या कोयतीला जांभळा धारेशी आला की पुन्हा बुडवून संपवतात. विळीला पिवळा पुरे. एकाच तापात पाणीही आणि त्याचं उतरवणंही, म्हणजे जादा कडकपणा थोडा कमी करणंही. पण लोखंड कुठलं आहे ते त्यांना ठिणगीवरून आणि हातोड्याखाली कसं लागतं त्यावरून कळतं. पाट्याचं असलं तर ते पण तेलच घेतात, पूर्वी उंडीचं तेल असायचं.

कोपराचं सांगते. आमच्या दिरांना हेच झालं होतं. ऐरण खाली होती. ऐरणीपाशी सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं ऐरणीच्या तोंडाला टेकली पाहिजेत. तुमची पुरात आडवी झाली म्हणता, म्हणजे ठोकळा परत पुरताना उंची बदलली असेल. आणि हातोडा आवळून धरू नका. वर जाताना सैल सोडायचा, खाली येताना त्याच्या वजनानंच येऊ द्यायचा. गार झालेलं लोखंड ठोकत बसलं की कोपर जातं. रंग गेला की परत भट्टीत, मग कितीही कंटाळा येवो.

आणि एक विचारू? तुमच्या वडिलांचा भाता कोण ओढायचं? वडील गेले तरी ते माणूस असेल ना. आमच्याकडे पाणी द्यायच्या वेळी सासऱ्यांची नजर लोखंडावर असते तशी माझी पण असते. भाता ओढणारं माणूस वर्षानुवर्षं दुसरीकडे बघतच नाही. त्यांना विचारा.

* * *

ऐरण_कृष्णाकाठ

वहिनी, तुमचा निरोप वाचला त्या रात्री लिहिणार होतो, पण म्हटलं आधी करून बघावं आणि मगच लिहावं. तीन आठवडे झाले.

भाता आई ओढायची. हे मला माहीत होतं आणि तरीही मला कधी सुचलं नाही. मी तिला विचारलं, पाणी द्यायच्या वेळी दादा काय बघायचे? (आम्ही वडिलांना दादा म्हणायचो.) ती म्हणाली, "त्यांस्नी कुठं दिसत हुतं?"

मग तिनं सांगितलं ते मला पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. शेवटची सात-आठ वर्षं वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला भीत होते. कोयता बाहेर काढायची वेळ आईच सांगायची. ती भाता थांबवायची आणि "घ्या" म्हणायची. गिऱ्हाईक समोर असलं की तेही म्हणायची नाही, भात्याच्या दांडीवर दोनदा बोटं वाजवायची. मी तेव्हा आयटीआयला होतो, संध्याकाळी येऊन जेवायचो आणि मित्रांत जायचो.

तिला शेडमध्ये घेऊन गेलो. आल्या आल्या तिनं पहिलं विचारलं, "गोणपाट कुठाय?" आमच्या जुन्या मेटावर (लोहारकामाच्या जागी) पश्चिमेच्या बाजूला कायम एक गोणपाट टांगलेलं असायचं. मी समजायचो, ऊन लागू नये म्हणून. ती म्हणाली, ऊन त्यांच्या पाठीला कधी लागलं नाही, गोणपाट रंगासाठी होतं. आता दोन गोणपाटं लावली आहेत आणि पाणी द्यायचं काम दिवेलागणीनंतरच करतो.

तिचे रंगांचे शब्द लिहून ठेवतोय, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. ती म्हणते, "कुकू झालं म्हणून काढायचं न्हाई. शेंदूर होऊ द्यायचा. हळद दिसली की गेलं." कुंकू म्हणजे गडद लाल. शेंदूर म्हणजे आपल्या मारुतीच्या देवळातला, पण ओला, तेलात कालवलेला. कोरडा शेंदूर नाही, तो जास्त पिवळट दिसतो, असं तिनं मला दोनदा बजावलं. मी पिंपरीच्या दादांनी सांगितलेलं मीठ आणून ताडून बघितलं. पाट्याचा तुकडा भट्टीत, वर मिठाचे खडे, पंख्यावर आई. तिला सांगितलं नव्हतं मीठ कशासाठी ते. खडे वितळून पसरले, मी मनात पाच मोजले आणि ती म्हणाली, "घे." दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम चुकीच्या वेळी काढायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. तिचं वय ७१ आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि तो रंग तिच्या नजरेतून गेलेला नाही.

ती काळसर सावलीही दिसली, पिंपरीचे दादा. मी इतकी वर्षं काम केलं आणि कधी पाहिली नव्हती, कारण माझी नजर आकड्यावर असायची. आईला ती माहीत होती. ती त्याला 'लोखंड गिळतंय' म्हणते.

आता सुरीचं. नवीन पाटा घेतला, त्याच्या एका टोकापासून, भोकापासून लांबचा तुकडा. डिझेल आणि खडू करून बघितलं, स्वच्छ निघाला. आधीच्या तुकड्याचा उरलेला भाग होता त्यावरही केलं, तर खरंच केसाएवढी रेघ आली. नाशिकच्या भाऊंचंही बरोबर होतं तर. पाणी, तापमान आणि भंगार, तिन्ही गोष्टी एकाच सुरीत जमून आल्या होत्या.

घडवायला या वेळी तीन संध्याकाळी लागल्या, कारण रंग गेला की ठोकायचं नाही हे पाळलं. ऐरण मोजली तर पुरानंतर मी ती चार बोटं खाली बसवली होती. ठोकळ्याखाली फरशीचे तुकडे घालून उचलली. कोपर पूर्ण थांबलं नाही पण रात्री झोप मोडत नाही आता. आडवे ओरखडे पॉलिशपेपरनं उभे ओढून काढले. तीनदा तापवून हवेत गार केलं.

शेंगतेल दोन लिटर, पत्र्याच्या उभ्या डब्यात. मुलगा झाकण धरून उभा. आई पंख्यावर. मी पातं धरलं होतं आणि माझी नजर रंगावरच होती, पण मी वाट तिच्या शब्दाची बघत होतो. ती "घे" म्हणाली त्याच्या एक क्षण आधी माझा हात हलला होता. तिच्याही ते लक्षात आलं. काही बोलली नाही.

तेलातून काढलं, 'टिंग' नाही. कानस लावून बघितली तर काचेवरून घसरावी तशी घसरली. टोकाकडे थोडा वाक आला होता, पातं गरम असतानाच दोन लाकडी पट्ट्यांत दाबून सरळ केलं, निघाला. सोबत एक फालतू तुकडाही तेलात दिला होता, तो तोडून बघितला: मैदा.

पाणी उतरवायला वहिनींची पद्धत थोडी बदलून घेतली. रुळाचा एक जाड तुकडा लाल केला आणि पात्याची पाठ त्यावर टेकवून धरली. आधी पातं चकचकीत घासून घेतलं होतं. पाठ निळी झाली, मधे जांभळा, आणि धारेशी वाळल्या गवताचा पिवळा आला तेव्हा उचलली. हे दोनदा केलं, पिंपरीच्या दादांनी सांगितलं नव्हतं पण माझ्या जुन्या वहीत 'दोनदा' असं लिहिलेलं सापडलं. वही माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली.

मूठ बाभळीची, पितळेच्या दोन खिळ्यांनी. धार आधी खरखरीत दगडावर, मग वडिलांच्या सहाणेवर. त्या सहाणेला मध्ये खोलगट वाटी पडली आहे, सपाट करून घ्यावी लागेल, पण मन होत नाही.

आईनं पहिल्यांदा कांदा चिरला, मग काही न बोलता अंगणात जाऊन उसाचं कांडं आणून तासलं. मी म्हटलं अगं ती भाजीची सुरी आहे. म्हणाली, "बघू दे की." धार आहे तशी आहे. सुरी आता तिच्या ओट्यावर असते आणि ती दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही.

* * *

उष्मोपचार_पिंपरी

दादा, तुमच्या आईंचे शब्द मी आमच्या शॉपमधल्या नव्या पोरांना सांगितले. कुंकू, शेंदूर, हळद. आमच्याकडे रंगांचा छापील तक्ता भिंतीवर आहे, तो कुणी बघत नाही. हे मात्र त्यांच्या लगेच लक्षात राहिलं. आईंना माझा नमस्कार सांगा.

दोनदा उतरवलंत ते योग्यच केलंत. वाक गरम असतानाच काढलात तेही. तेलातून काढल्यावर थोडाच वेळ पातं ऐकतं, नंतर ते मोडतं. तेल गाळून झाकून ठेवा, पुष्कळ दिवस जाईल. खवट वास यायला लागला की बदला.

सहाण सपाट करा. तिचा दगड झिजला म्हणून वडील त्यातून जाणार नाहीत.

* * *

ऐरण_कृष्णाकाठ

करतो. फरशीवर वाळू आणि पाणी घेऊन घासतो रविवारी.

वहिनी, तुम्हाला एक विचारायचं होतं. गावातल्या दोन बायकांनी गवताचा विळा मागितलाय, दात्यांचा. वडील करायचे, पण दाते पाडताना मी कधी नीट बघितलं नाही आणि आई म्हणते ते काम ते एकटे करायचे, ती तेव्हा स्वयंपाकाला जायची. दाते पाणी द्यायच्या आधी की नंतर? कानशीनं की छिन्नीनं?

* * *

कोयतीवाल्या_वहिनी

आधी. पाणी दिल्यावर छिन्नी लागत नाही, छिन्नीचंच तोंड जातं. धार एकाच बाजूनं घासायची, दुसरी बाजू सपाट ठेवायची. सपाट बाजूवर बारीक रुंद तोंडाच्या छिन्नीनं तिरक्या रेघा पाडायच्या, मुठीकडे झुकलेल्या, एकीला लागून एक. विळा ओढताना दाते गवताला धरतात ते त्या झुकावामुळे. मग उलट्या बाजूनं पुन्हा घासलं की रेघा कडेला येऊन दाते आपोआप उघडे पडतात. पुढे धार गेली तरी त्याच उलट्या बाजूनं घासायचं, दाते नव्यानं निघतात.

रेघांचं अंतर हातानं ठरतं, सांगून येत नाही. आधी पत्र्याच्या तुकड्यावर शंभरेक रेघा मारून बघा. सासरे हे काम सकाळी करतात, दारात बसून, पूर्वेकडे तोंड करून. रेघेची सावली दिसते म्हणून.